पीस लिलीला द्राक्षाचं औषध

पीस लिलीच्या फुलाच्या मधोमध एक दांडा असतो. बोटाएवढा, पिवळसर, वर बारीक फोड उठल्यासारखे दाणे. लांबून ते फूल शांत आणि स्वच्छ दिसतं, म्हणून लोक ते हॉलमध्ये, रिसेप्शनला, बँकेच्या काउंटरवर ठेवतात. मी मात्र ते लॅपटॉपवर मोठं करून पाहते, आणि मोठं केलं की तो दांडा एखाद्या त्वचारोगाच्या पुस्तकातला वाटायला लागतो. दाण्यांतून पांढरं पीठ गळतं. ते खालच्या पानांवर कोंड्यासारखं पडतं आणि पुसायला गेलं की बोटाला चिकटतं.

फोटो साफ करणं हे माझं काम आहे. साड्यांचे, खोट्या दागिन्यांचे, फरसाणचे फोटो दुकानदार मला पाठवतात आणि मी घरी बसून त्यांतले डाग काढते. साडीवरचा सुटलेला धागा, बांगडीवर उमटलेला अंगठा, शेवेवर चमकणारं तेल. कोणाशी बोलावं लागत नाही, हा त्या कामाचा मोठा फायदा. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मी सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे, आणि अजूनही चार माणसं जमली की मी मनानं तिथेच जाऊन बसते. तिथून सगळं दिसतं. किळस येण्यासारखं तर फारच स्पष्ट दिसतं.

मामी आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. मामाची निफाडजवळ द्राक्षबाग आहे, तो तिकडेच असतो. मुलीच्या शाळेसाठी मामीनं नाशकात बिऱ्हाड केलं. तिच्या फ्लॅटला मोठी गॅलरी आहे. तिथे तिनं एका पीस लिलीच्या कुंडीपासून सुरुवात केली. मूळ झाडाला फुटवे आले की ती ते उपटायची, नळाखाली मुळं धुवायची, एकमेकांत अडकलेली मुळं केसांचा गुंता सोडवावा तशी सोडवायची आणि वेगळी लावायची. हळूहळू गॅलरी भरली. बिल्डिंगमधल्या बायका वाढदिवसाला द्यायला तिच्याकडून कुंड्या न्यायला लागल्या. मी तिला स्टेटसला ठेवायला फोटो काढून द्यायचे. ती फोटो बघायची आणि म्हणायची, "हे पान पिवळं आहे ते राहू दे. लोकांना कळू दे की पानं पिवळी पडतात."

मामा याला कुंड्यांचा खेळ म्हणायचा. दिवाळीला आमच्याकडे जेवताना त्यानं आईला सांगितलं, "ताई, गुढीपाडव्यापर्यंत बघू. तोवर काय धंदा झाला तर ठीक, नायतर मे महिन्यात सामान हलवू. दोन दोन घरं कशाला? पोरीला आपल्या इथली शाळा काय वाईट हाय?"

मामी तेव्हा आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला.

नंतर गॅलरीत माती चाळताना ती मला म्हणाली, "तिकडे गेले ना की मी परत मजुरांचा चहा आणि डबे. वाईट नाही ते. पण हे बंद." हातातली चाळणी तिनं कुंड्यांच्या रांगेकडे दाखवली.

डिसेंबरच्या सुरुवातीला आईनं तिला पहिली बाहेरची ऑर्डर आणून दिली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक डॉक्टर मॅडम, त्वचेच्या, पाडव्याला स्वतःचं क्लिनिक उघडणार होत्या. रिसेप्शनच्या भिंतीलगत त्यांना पीस लिलीची पूर्ण रांग हवी होती. सगळ्या कुंड्या फुलांवर आलेल्या, आणि महिनाभर आधी एक फोटो. मामीनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी जाऊन एकसारख्या पांढऱ्या कुंड्या घेऊन आली.

अडचण एवढीच होती की थंडीत एकाही झाडाला फूल नव्हतं. मामीला त्याची काळजी वाटत नव्हती. "ऊन वाढलं की येतील. सगळ्यांना एकदम येणार नाहीत, पण मॅडमना तसं सांगू. बाकीच्या नुसत्या पानांनी पण छान दिसतात."

आईनं मात्र ही अडचण फोनवर भावाला सांगितली.

निफाडकडे तेव्हा घडांना जीए द्यायचे दिवस चालू असतात. जीए म्हणजे द्राक्षाचा मणी लांब आणि मोठा व्हावा म्हणून द्यायचं औषध. पावडर आधी स्पिरिटमध्ये विरघळवतात, मग पाण्यात मिसळतात, आणि माणसं बागेतून हिंडत एकेक घड त्या पाण्यात बुडवत जातात. लहानपणी एकदा मी ते पाहिलं होतं. मामा पावडरीसाठी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा वापरायचा, पंखा बंद करायला लावायचा आणि मोजत असताना कोणाला बोलू द्यायचा नाही.

मामा नाशकात आला तेव्हा मामी मुलीच्या शाळेत मीटिंगला गेली होती. मी गॅलरीत बिनफुलांच्या कुंड्यांचे फोटो काढत होते. मामानं खिशातून पुडी काढली, स्वयंपाकघरातला स्टीलचा पेला घेतला, पुडी त्यात झटकली, वर स्पिरिट ओतलं आणि चमच्यानं ढवळलं. घरभर इंजेक्शनच्या कापसाचा वास सुटला. तोंडात तंबाखू असल्यामुळे तो मान वर करून बोलत होता.

"भाचीबाई, बघच आता. लोक फोटो काढायला रांग लावतील."

तो पेला त्यानं बादलीत उलटा केला, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची मामीची बाटली भरली आणि सगळ्या कुंड्यांवर मारत सुटला. पानांच्या पोटात, कोंबांवर, मातीवर. मग गॅलरीच्या जाळीतून बाहेर थुंकला. ते खालच्या तगरीच्या पानावर पडलं आणि तिथून हळूहळू ओघळलं. माझी नजर तिथून हलत नव्हती. मामासमोर मी तशीही बोलत नाही, पण तेव्हा तोंड उघडायचीच शिसारी आली होती.

मामी आली ती दारातच थांबली. "स्पिरिटचा वास कसला?"

"टॉनिक दिलंय तुझ्या झाडांना."

"कसलं टॉनिक?"

"घडाला देतो तेच. घाबरते काय? लय ताकद असते. अशी फुलं येतील, तू मोजत बसशील."

"अहो, विचारायचं तरी."

"डॉक्टरीण बाईला फुलं पाहिजे का विचारपूस पाहिजे?" तो हसला आणि माझ्याकडे पाहिलं, मीही हसावं म्हणून. मामीनं तो पेला घासून घासून धुतला आणि मग तो वापरलाच नाही. त्यात मनीप्लांटची काडी ठेवली.

पुढच्या दोन फेऱ्यांनाही मामानं परत औषध आणलं. एका डोसनं काय होतंय, म्हणाला. नंतर बागेची काढणी जवळ आली आणि त्याचं नाशकात येणं बंद झालं. त्यानंतर काय झालं ते त्यानं पाहिलं नाही.

आधी पानं लांबायला लागली. रुंदी तेवढीच आणि लांबी वाढतेय, रंग फिका, जसं काही कोणी झाडाला दोन्ही टोकांना धरून ओढतंय. फेब्रुवारी संपता संपता फुलं आली. एकेका कुंडीत खूप आली, त्याबाबतीत मामाचं म्हणणं खरं ठरलं. पण ती फुलं बघताना मी कॅमेरा खाली घेतला होता. देठ वेटोळे घेत वर गेले होते आणि वजन न पेलवून मध्येच वाकले होते. पांढरी पाकळी रुंद व्हायच्याऐवजी अरुंद, लांब, पट्टीसारखी झाली होती आणि टोकाला पिळली होती. काहींची पाकळी दांड्याला चिकटूनच राहिली होती, अर्धी सोललेल्या सालीसारखी. काहींमध्ये एकाच देठावर दोन दांडे शेजारी शेजारी उगवलेले. एका फुलाला पाकळीच नव्हती, नुसता दांडा, उघडा, ओलसर. आणि सगळीकडे तो पांढरा कोंडा. वारा आला की ती लांब मानेची फुलं एकमेकांना लागायची आणि कोंडा खाली पडायचा.

मामीनं एक फूल बोटांत धरून बाजूला वळवलं. ते सोडल्यावर परत होतं तिथे आलं नाही, वळवलेलंच राहिलं.

"ह्यांच्या माना बघ," ती म्हणाली. "थांबू थोडे दिवस. मागून येणारी नीट येतील कदाचित."

मागून आलेली आणखी लांब होती.

मॅडमना फोटो पाठवायची वेळ झाली तेव्हा आई दुधाची वाटी घेऊन खाली आली. दुधात कापूस बुडवून पानं पुसली की चमकतात असं तिनं कुठेतरी पाहिलं होतं. मामी नको म्हणत असताना तिनं अर्धी रांग पुसून काढली. मी प्रकाश नीट येईपर्यंत, म्हणजे जेवणं होईपर्यंत थांबले, आणि तेवढ्यात उन्हानं ते दूध नासलं. गॅलरीत लहान बाळाच्या न धुतलेल्या दुपट्याचा वास यायला लागला. मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून पानांवर पसरली. मी नाकातून श्वास न घेता फोटो काढले. लेन्समधून प्रत्येक मुंगी दिसत होती. दुधाचा साका पानाच्या शिरेत साचला होता, आणि त्यात फुलांचा कोंडा मिसळून पातळ पिठल्यासारखं काहीतरी झालं होतं.

वर येऊन मी फोटो लॅपटॉपवर घेतले तेव्हा आई मागे खुर्ची घेऊन बसली.

"हे असं पाठवायचं? शी. डॉक्टर मॅडम काय म्हणतील? तू साड्यांचं करतेस ना, तसं कर."

"आई, साडीचा डाग काढतात. ही फुलंच अशी आहेत."

"मग फुलं काढ आणि चांगली घाल. किती वेळ लागतो तुला? मामीचं भलं होईल. पाडवा तोंडावर आलाय, भाऊनं काय सांगितलंय माहितीये ना?"

मला माहीत होतं. ऑर्डर हातची गेली तर मामी मे महिन्यात निफाडला जाणार होती. म्हणून मी बसले.

मामीच्या न्हाणीघराच्या खिडकीत तिचं मूळ झाड होतं, सगळ्यांची आई. तिथवर मामाची बाटली पोचली नव्हती. त्याला एकच फूल आलं होतं, लहानसं, नीट, पाकळीच्या कडेला किंचित हिरवट. मी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढून आणले आणि कामाला लागले. आधी मुंग्या पुसल्या, मग दूध, मग कोंडा. मग एकेक लांब मान खोडत गेले. खोडलं की त्या जागी मागची भिंत भरायची. मग न्हाणीघरातलं फूल तिथे ठेवायचं, कधी डावीकडे वळवून, कधी जरा लहान करून, कधी सावली बदलून. आई मधूनमधून म्हणत होती, "अजून जरा पांढरं कर. हिरवी कड काढ ती, शिळं वाटतं."

मी हिरवी कड काढली.

फोटो चांगला झाला, आणि सगळ्यात वाईट ते होतं. बिघडलेल्या फुलांची किळस यायची, पण ती फुलांपुरती होती. या गुळगुळीत, एकसारख्या, एकाच दिशेला मान कलवून उभ्या असलेल्या फुलांकडे बघताना मला ब्रशवरच्या माझ्या बोटांची किळस आली. मी साबणानं हात धुतले. आईनं तोवर फोटो आपल्या फोनवर घेऊन डॉक्टर मॅडमना पाठवला होता आणि घरच्या ग्रुपवरही टाकला होता.

मामाचा व्हॉइस मेसेज लगेच आला. मागे ट्रॅक्टर चालू होता. "सांगितलं होतं का नव्हतं? हे बघा. जीएची कमाल. लोक हसत होते मला." त्यानं तो फोटो द्राक्षवाल्यांच्या त्याच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. माणसं डोस विचारायला लागली. मामा उत्तरं देत होता.

मामीनं संध्याकाळी मला खाली बोलावलं. तिच्या हातात फोन होता. तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला, इकडून तिकडे सरकवला.

"हे तर न्हाणीतलं फूल."

"हो."

"सगळीकडे तेच?"

"हो."

"त्याची कड कुठे गेली?"

ती रागावलेली नव्हती. दुकानात मापात मारलेलं लक्षात आलं की बाई जशी वजनाच्या काट्याकडे बघते, तशी ती फोनकडे बघत होती. मग तिनं गाऊनवर ओढणी घेतली आणि म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

डॉक्टर मॅडम घरी होत्या. मामीनं बसायच्या आधीच सांगितलं, "मॅडम, फोटोतली फुलं खरी नाहीत. माझी यावेळची फुलं बिघडली. पानांच्या कुंड्या चांगल्या आहेत, त्या देते. पावसाळ्यापर्यंत नीट फुलं येतील, तेव्हा बदलून देईन."

मॅडम हसल्या. "अहो काकू, टेन्शन नका घेऊ. बरं झालं तुम्हीच विषय काढलात. आमचा इंटिरियरवाला म्हणालाच होता, खरी झाडं म्हणजे पाणी, माती, डास. स्किन क्लिनिकमध्ये चांगलं नाही दिसत. तुमचा फोटो त्याला इतका आवडला ना, तो म्हणाला आख्खी भिंतच करू या. खाली आर्टिफिशियल पॉट्स ठेवू." मग माझ्याकडे वळून, "तूच केलंस ना? एकदम क्लीन. मोठ्या साइजची फाइल पाठवशील?"

मी मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते मलाही कळलं नाही.

"म्हणजे कुंड्या नकोत?" मामीनं विचारलं.

"नेक्स्ट टाइम नक्की," मॅडम म्हणाल्या आणि आम्हाला काजूकतली दिली. ती माझ्या तळहातावर चिकट होत गेली. मी लिफ्टमध्येही ती तशीच धरून होते.

"फाइल पाठवू नकोस," मामी म्हणाली.

मी पाठवली नाही. मेसेज आले, मी उघडले नाहीत. न उघडणं मला जमतं.

पाडव्याच्या सकाळी आईनं मला ओढून क्लिनिकच्या उद्घाटनाला नेलं. मामी आली नाही, गॅलरीत काम आहे म्हणाली. रिसेप्शनच्या भिंतीवर माझी फुलं होती, माणसाच्या डोक्याएवढी. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला छोटा फोटोच ताणून छापला होता, त्यामुळे जवळ गेलं की सगळं चौकोनांत फुटत होतं. पाकळ्यांच्या कडांना करडे डाग, दांडे म्हणजे पिवळ्या फरशा. सगळीकडे तेच एक फूल, बुरशीसारखं पसरलेलं. खाली प्लास्टिकच्या कुंड्या होत्या आणि त्यांच्यावर अजून दुकानाची धूळ होती. बायका भिंतीला टेकून सेल्फी काढत होत्या. एक आजी भिंतीला नाक लावून वास घेत होत्या. गुलाबपाण्याचा फवारा कोणीतरी माझ्या अंगावर मारला आणि मला गॅलरीतला स्पिरिटचा वास आला. मी चपला घालून बाहेर जिन्यात उभी राहिले.

दुपारी मामा जेवायला आमच्याकडे आला. द्राक्षांची पेटी, नवा पांढरा शर्ट, उन्हानं काळवंडलेला चेहरा. ऑर्डर हातची गेल्याचं आईनं त्याला फोनवर सांगितलेलं होतं. पानात श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी. मामानं दोन घास खाल्ले आणि विषय काढला.

"मी काय म्हणतो ताई, आता झाला ना पाडवा. फुलं मी आणून दिली. एवढी भारी फुलं, आख्ख्या तालुक्यानं फोटो पाहिला, लोक अजून फोन करतायत. आणि हिला त्या कुंड्या विकता नाय आल्या. मग सांग. माल चांगला असून विकता येत नसंल तर त्याला धंदा म्हणत नाय. मे महिन्यात सामान हलवू."

आई म्हणाली, "अरे, जेव आधी."

मामी माझ्या शेजारी बसली होती. तिनं पुरीचा तुकडा ताटात ठेवला, उठली, बोटं पुसली आणि दार उघडून खाली गेली. मामानं आईकडे पाहून भुवया उडवल्या. "लागलं बघ."

मामी परत आली तेव्हा तिच्या हातात धुण्याची बादली होती. ती तिनं मामाच्या ताटाशेजारी फरशीवर ठेवली. बादली फुलांनी काठोकाठ भरलेली होती. सकाळी तिनं सगळी कापली होती. देठांना चीर गेलेल्या जागी चिकट पाणी आलं होतं, पट्टीसारख्या पाकळ्या एकमेकांना चिकटल्या होत्या, आणि ते उघडे दांडे एकमेकांवर आडवेतिडवे पडले होते. वर पांढरा कोंडा. माझ्यासमोर वाटीत श्रीखंड होतं. मी वाटी दूर सरकवली.

मामा मागे सरला. "ए, काय हाय हे? जेवणावर? सडलंय का?"

"सडलेलं नाही. आज सकाळपर्यंत जिवंत होतं. तुमच्या औषधाचं आहे."

"फोटोत तर..."

"फोटो हिनं केलाय. ताईंनी सांगितलं म्हणून. त्यात माझी कुंडी तेवढी खरी आहे."

आई म्हणाली, "मी आपलं बरं दिसावं म्हणून..." आणि पुऱ्यांचा डबा उघडून परत लावला.

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. त्यानं डाव्या हातानं बादलीतलं एक फूल उचललं. आधी दोन बोटांत लांब धरलं, मेलेली पाल धरावी तसं. मग त्याचा चेहरा बदलला. त्यानं ते जवळ घेतलं, देठ अंगठ्यानं दाबला, वाकवला, तुटतो कसा ते पाहिलं. दुसरं घेतलं. दोन दांडे असलेलं. ते त्यानं उजेडाकडे धरलं. त्या वेळी तो आमच्या घरी जेवायला आलेला मामा वाटत नव्हता, बागेत असतो तसा वाटत होता.

"डोस जास्त झाला," तो म्हणाला. "घडाला जास्त झालं की असंच होतं. देठ लाकडावाणी होतो, मणी वेडेवाकडे. एका वर्षी शेजारच्या बागेत झालं होतं."

"घडाला किती देता?"

"मोजून देतो ना. काट्यावर. जरा इकडं तिकडं झालं तर आख्खा सीझन जातो."

"आणि इथे?"

मामानं बादलीत फूल ठेवलं. हाताला कोंडा लागला होता, तो त्यानं चोळला, पण निघाला नाही.

"इथं... कुंड्याच त्या, म्हणलं," तो शेवटी म्हणाला.

मामी म्हणाली, "हं."

एवढंच. पण मी तिच्या शेजारी बसले होते आणि मला तिच्या मानेवरची शीर दिसत होती. त्या वेळी मला कळलं की तिला या फुलांची किळस कधी आलीच नव्हती. ती रोज त्यांना पाणी घालत होती, त्यांचे देठ काड्यांना बांधत होती. तिला किळस आली ती आत्ता, आणि ती बादलीची नव्हती.

"मे महिन्यात कोणी सामान हलवणार नाही," ती बसत म्हणाली. आवाज नेहमीचा होता. "पोरीची दहावी इथेच होईल. कुंड्या पण इथेच राहतील. ज्याला पाहिजे त्यानं घरी येऊन झाड बघावं आणि न्यावं, फोटो बिटो कोणाला जाणार नाही. तुम्ही या तुम्हाला यायचं तेव्हा. औषध आणायचं नाही."

"ऐकलंस का ताई?" मामा हसायला गेला, पण आईनं त्याच्याकडे न बघता त्याच्या ताटात भाजी वाढली. ती त्याला नको होती. आमच्या घरात आई भावाच्या बाजूनं काहीच बोलली नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं.

मामा उठला. बादली उचलली आणि खाली गेला. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. मला वाटलं तो ती सोसायटीच्या कचराकुंडीत उलटी करून मोकळा होईल, किंवा रागानं तशीच फेकेल. तो कचराकुंडीपाशी थांबला. एकेक फूल बाहेर काढत होता, देठ मोडून आत बघत होता आणि मग टाकत होता. प्रत्येकाचं तसंच. नव्या शर्टावर पांढरे पट्टे उमटत होते. वॉचमन काहीतरी म्हणाला, मामानं त्याला उत्तर दिलं नाही. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि येतही होता. पण तो पाठमोरा, एवढ्या बारकाईनं, आता, सगळं कापून झाल्यावर बघत होता, ते मला त्या फुलांपेक्षाही जास्त पाहवेना. मी खिडकीतून आत आले.

तो वर आला तेव्हा बादली नळाखाली धुतलेली होती. दारात उभा राहून त्यानं मामीला विचारलं, "दहावीचे क्लास कधी चालू होतात हितले?"

"एप्रिलात," मामी म्हणाली. "आधी हात धुवा."